अर्जदार महादेव खोत व इतर चाळीस

यंदाच्या हिवाळ्यात, एका बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, दोह्यातल्या एका सरकारी कचेरीने महादेव ज्ञानू खोत यांच्या एका अर्जाला एक्केचाळीस नोंदणी क्रमांक दिले. अर्ज एकच होता. पानं दोन होती. सह्या एक्केचाळीस होत्या.

महादेवराव माझे साडू. सांगली जिल्ह्यातले. एकोणीस वर्षं कतारमध्ये आहेत, त्यातली शेवटची नऊ हमद पोर्टवर कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर. येत्या सोमवारी ते कायमचे परत येणार होते. त्याआधी आठवडाभर 'एकदा येऊन बघून जा' असा त्यांचा आग्रह होता, आणि परतीचं तिकीट त्यांच्याच विमानाचं मिळालं, म्हणून मी गेलो.

कचेरीबद्दल थोडं आधीच सांगायला हवं. वर्णावरून, वंशावरून, देशावरून कोणाला वेगळी वागणूक मिळाली तर तिची तक्रार ऐकायची आणि सर्वांना समान वागवा असा प्रचार करायचा, हे तिचं काम. तिचं अधिकृत नाव लांब आहे. महादेवराव तिला 'समतेची कचेरी' म्हणतात. पुढे मीही तेच नाव वापरलं आहे.

मंगळवार

विमान दुपारी उतरलं. माझ्या सामानात ज्वारीचं पाच किलो पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला होता. कस्टमच्या अधिकाऱ्याने मसाल्याची पिशवी उघडून वास घेतला आणि चार वेळा शिंकला. शेजारचा अधिकारी काय झालं ते बघायला आला. तो सहा वेळा शिंकला. पहिल्याने पिशवी स्वतःच घट्ट बांधून दिली, हाताने बाहेरचा रस्ता दाखवला आणि "खलास, यल्ला" म्हणाला.

बाहेर महादेवराव आणि इद्रिसभाई उभे होते. इद्रिसभाई दापोलीचे, एका मालवाहतूक कंपनीत कारकून, बायकोसह नज्मा भागात राहतात. कामगारांच्या वस्तीत पाहुण्याला मुक्काम करता येत नाही, त्यामुळे माझी सोय त्यांच्याकडे होती. अर्ज इंग्रजीत टाइप करण्याचं कामही त्यांनीच केलं होतं. त्याबद्दल त्यांनी गाडी सुरू करायच्या आधीच हात झटकले.

"मी फक्त टाइप केला हां," ते म्हणाले. "मजकूर सगळा याचा. मी सांगितलं होतं, चार ओळी पुरे. ऐकतोय कुठे!"

"चार ओळीच्या अर्जाला कुत्रं इचारत न्हाई," महादेवराव म्हणाले.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंची जमीन भाजलेल्या रव्याच्या रंगाची आणि तितकीच सपाट. वळण आलं की महादेवराव हात दाखवून सांगत, "हितं काय नव्हतं." असं त्यांनी अकरा वेळा सांगितलं. प्रत्येक ठिकाणी आता काही ना काही उभं होतं.

अर्जामागची घटना त्यांनी गाडीतच सांगितली. तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, ते समुद्रकाठच्या एका बाजार-उद्यानात गेले. दुकानं, कारंजी, फिरायला लाकडी फळ्यांचा रस्ता, अशी ती जागा. खासगी मालकीची. एकोणीस वर्षांत ते तिथे गेले नव्हते आणि जायच्या आधी एकदा बघावी असं त्यांना वाटलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. फाटकावरच्या गार्डने विचारलं, "फॅमिली?" महादेवराव म्हणाले, फॅमिली गावाला आहे. गार्डने पाटी दाखवली. शुक्रवार, फक्त कुटुंबांसाठी. महादेवराव बाजूला झाले. त्यांच्या मागे पोर्टवरचे एक युरोपियन सुपरवायझर उभे होते. एकटेच. गार्डने त्यांना "गुड इव्हनिंग सर" म्हणून आत सोडलं.

"त्याची बी फॅमिली त्याच्या गावालाच की!" महादेवराव म्हणाले. "मला ठावं हाय. पोरीचा फोटू दावतो सारखा."

मी विचारलं, आता काय हवं आहे? उद्यानात जायचं आहे का?

"उद्यान ऱ्हाऊ दे. मला कागद पाहिजे. सोमवारी जायच्या आत. मला अडवायला नको हुतं, एवढं साहेबानं लिहून द्यावं. रूमवर सांगितलं तर समदी म्हणत्यात, हे असंच असतंय. असंच असतंय तर तसं बी लिहून द्या."

मग त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला. 'प्रति', 'विषय', 'महोदय', 'वरील विषयास अनुसरून' हे सगळं इंग्रजीत आलेलं होतं. अर्जदार म्हणून 'महादेव ज्ञानू खोत व इतर ४०' असं लिहिलं होतं. शेवटी 'प्रत माहितीसाठी व पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' म्हणून सात नावं होती. दूतावास, त्यांची कंपनी, वस्तीचा मॅनेजर, पोलीस, उद्यानाचं व्यवस्थापन, सिक्युरिटी कंपनी, आणि सातवं 'फाटकावरील ड्युटी गार्ड, समक्ष'. सातही प्रती पोचत्या झाल्या होत्या. गार्डला प्रत त्यांनी स्वतः जाऊन दिली होती आणि पोच म्हणून त्याची सही घेतली होती.

"खाली अजून एक सही बसंल," त्यांनी पेन पुढे केलं. "करा, पाव्हणं."

"बातमीदार अर्जावर सही करत नाही."

"मग काय करतो?"

"लिहून घेतो."

"सही बी लिहायचीच आसती की."

मी सही केली नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही अर्जावर, निवेदनावर किंवा निषेधाच्या पत्रकावर मी सही केलेली नाही. हे त्यांना सांगितलं. इद्रिसभाई म्हणाले, "तुमचं वर्तमानपत्र अजून चालू आहे ना?" मी हो म्हणालो. तो विषय तिथे संपला.

बुधवार

आपल्याकडे सरकारी कचेरीत बाक असतो. इथे सोफा होता. बसल्यावर मिनिटभरात एक माणूस लहान कपात कॉफी आणि ताटलीत खजूर घेऊन आला. महादेवरावांनी खजूर घेतला, पण चेहरा पडला.

"काम व्हायचं न्हाई बहुतेक," ते मला हळूच म्हणाले. "लई मान द्यायला लागल्यात."

त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती. तिच्यात पासपोर्टच्या, कतारी ओळखपत्राच्या आणि नोकरीच्या करारपत्राच्या प्रत्येकी पाच झेरॉक्स, बारा फोटो आणि गावच्या पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला होता. नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाने त्यातलं फक्त ओळखपत्र घेतलं. उरलेला गठ्ठा त्याने दोन्ही हातांनी परत दिला.

मग त्याने अर्ज उलटून सह्या पाहिल्या आणि अडखळला. त्याच्या संगणकावर तक्रारदाराच्या नावाला एकच चौकट होती. त्याने वर फोन केला. वरून उत्तर आलं, जितकी नावं तितक्या तक्रारी. तो टाइप करू लागला. प्रत्येक नावाला एक क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला एक छापील पोच. एकोणतिसाव्या पोचेला प्रिंटरमधला कागद संपला. नवा गठ्ठा आणला गेला.

महादेवराव खुशीत होते. "बघा पाव्हणं. ह्याला म्हणत्यात वजन."

वजन म्हणजे काय ते वाचकांपैकी गावाकडच्यांना माहीत असेल. एसटीचा थांबा हवा असो की ट्रान्सफॉर्मर, अर्ज एकजण लिहितो आणि सही सगळा गाव करतो. थांबा कुठे हवा हे सही करणाऱ्याला माहीत असावं लागत नाही. कागद पुढे आला की सही करायची, ही शेजारधर्माची गोष्ट. महादेवरावांनी बरवा अल बराहा या कामगारवस्तीतल्या आपल्या मजल्यावर तेच केलं होतं.

अर्ध्या तासाने आम्हाला आत बोलावलं. तक्रारी ऐकणाऱ्या अधिकारी नूरा मॅडम अरबीत बोलत. दुभाषे थॉमससाहेब केरळचे. त्यांचं हिंदी महादेवरावांच्या हिंदीपेक्षा कच्चं होतं. त्यामुळे महादेवराव अधूनमधून दुभाष्यालाच शब्द पुरवत होते.

मॅडमनी अर्ज नीट वाचला होता. त्यांनी एका वाक्यावर बोट ठेवलं. 'आम्हा सर्वांना सदर फाटकावर अडवण्यात आले.'

"मॅडम पूछता है," थॉमससाहेब म्हणाले, "फॉर्टी-वन आदमी को रोका?"

"मुझको रोका."

"बाकी?"

महादेवरावांनी अर्ज उलटून सह्या दाखवल्या. मग म्हणाले, "बाकी का सही है."

हे अरबीत जायला वेळ लागला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सावकाश समजावलं. कचेरी गावाची तक्रार घेत नाही, माणसाची घेते. रविवारी सकाळी दहाला सुनावणी. प्रत्येकाने आपल्याला कुठे, कोणत्या दिवशी, कसं अडवलं ते सांगायचं. अर्जातलं विधान खोटं निघालं, तर तो अर्ज तिथेच निकाली निघेल. सगळा. खोतांचाही.

"पण मुझको रोका ना," महादेवराव म्हणाले.

मॅडमनी मान हलवली आणि अर्जातल्या 'आम्हा सर्वांना' या शब्दांवर पुन्हा बोट ठेवलं.

गुरुवार

बरवा अल बराहा म्हणजे एकसारख्या इमारतींच्या रांगा. मी दोनदा चुकीच्या इमारतीत शिरलो. दुसऱ्या वेळी एका बांगलादेशी सुताराने मला चहा पाजून योग्य इमारतीपर्यंत आणून सोडलं.

संध्याकाळी मेसमध्ये बैठक झाली. चाळिसातले चौतीस हजर होते, बाकीचे पाळीवर. वेल्डर, क्रेनला माल बांधणारे रिगर, ड्रायव्हर. सांगली, सातारा, सोलापूर, नांदेड. त्या दिवशी मेसमध्ये डाळ-भात आणि कोंबडी होती. पण मी आणलेल्या पिठाच्या भाकऱ्या नांदेडचे वेल्डर नागनाथ थापत होते, आणि बैठक त्यांच्या तव्याभोवती भरली होती.

महादेवरावांनी कचेरीत काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, "त्या फाटकावर कोण कोण गेलतं?"

कोणी हात वर केला नाही.

"म्या तर तिकडं कधी गेलोच नाही," नागनाथ म्हणाले.

"मग सही कशापायी केलीस?"

"तुमी कागद पुढं केलाव म्हणून! नसती केली तर म्हणला असता, नाग्या लई मोठा झाला."

"वाचला हुतास का?"

"इंग्रजीत होता ना वो. मला वाटलं तुमच्या निरोपसमारंभाचंच काही हाय."

एक ड्रायव्हर म्हणाला, त्याला वाटलं मेसच्या डाळीबद्दलची तक्रार आहे. आणखी तिघांना तसंच वाटलं होतं. डाळीबद्दल काही झालं का, असं त्यांनी विचारलं.

इद्रिसभाईंनी डोक्याला हात लावला. "अरे महादेवा, चाळीस जणांना साहेबापुढे उभं करशील नि चाळीस जण सांगतील, आम्ही गेलोच नव्हतो. मग तुझा कागद कुठला? माघार घ्यायला सांग त्यांना."

"माघार घेतली तर साहेब म्हणंल, चाळीस खोटं हुतं, एक्केचाळिसावं बी असंलच."

नागनाथांनी भाकरी उलटली.

"उद्या शुक्रवारच हाय की," ते म्हणाले. "जाऊन अडवून घेऊ."

कोणी तरी हसलं. मग कोणी हसलं नाही. पाच मिनिटांत ठराव झाला. उद्या चाळीसही जणांनी फाटकावर जायचं, प्रत्येकाने स्वतंत्रपणे अडवून घ्यायचं आणि रविवारी खरं सांगायचं. अर्जावरची तारीख आधीची आहे, हे मी निदर्शनास आणून दिलं. इद्रिसभाई म्हणाले, "तारीख जाऊ दे, निदान गोष्ट तरी खरी होईल." चाळीस माणसं घोळक्याने फाटकावर उभी राहिलेली बरी दिसणार नाहीत, यावर मात्र एकमत होतं. महादेवरावांनी क्रेनच्या फेऱ्यांचं वेळापत्रक करतात तसं ते केलं. दोघादोघांच्या जोड्या, दोन जोड्यांत चार मिनिटं. कोणी वाद घालायचा नाही. अडवलं की 'थँक्यू' म्हणून बाजूला व्हायचं आणि वेळ लिहून ठेवायची.

शुक्रवार

चाळिसांपैकी अडतीस आले. दोघांना सुट्टी मिळाली नाही.

बसमध्ये कपड्यांवरून भांडण झालं. एका गटाचं म्हणणं, कामाचे डगले घालून यायला हवं होतं, म्हणजे नक्की अडवतील. दुसऱ्या गटाने नवे शर्ट घातले होते. साताऱ्याचे एक रिगर तर गॉगल लावून आले होते.

"गॉगल काढ," महादेवराव म्हणाले. "सोडतील तुला."

"घरी फोटो पाठवायचाय. अडवताना काढा एक."

चार वाजता पहिली जोडी निघाली. नागनाथ आणि गॉगलवाले. फाटक रस्त्याच्या पलीकडे होतं. आम्ही एका खजुराच्या झाडाखाली उभे होतो. वारा सुटला होता आणि समुद्र अगदी स्वच्छ हिरवा दिसत होता. नागनाथ फाटकापाशी थांबले. गार्डने त्यांचं ओळखपत्र पाहिलं, खिशातून घडी केलेला कागद काढला, त्यावर बोट फिरवलं, पेनाने खूण केली आणि हात आतल्या बाजूला केला.

नागनाथ हलले नाहीत.

गार्डने पुन्हा हात केला. नागनाथ वळून आमच्याकडे बघू लागले. महादेवराव रस्ता ओलांडून धावले. मीही मागोमाग गेलो.

गार्डचं नाव टेकबहादूर. नेपाळचे. तीन आठवड्यांपूर्वी महादेवरावांना अडवणारे तेच. हातातला कागद म्हणजे अर्जाची सातवी प्रत होती.

"भाईसाब, आपका ही पेपर है," ते म्हणाले. "ऊपर से ऑर्डर आया है. इस लिस्ट में जिसका नाम है, उसको रोकना नहीं."

"नहीं, नहीं, रोको," महादेवराव म्हणाले.

"कैसे रोकूँ? नंबर सत्रह, नागनाथ. टिक भी कर दिया."

"आज हम रुकने के लिए आया है."

"आपको रोकूँगा तो मेरी नौकरी जाएगी, भाईसाब."

"नहीं रोकेगा तो हमारा अर्ज जाएगा!"

टेकबहादूरनी कागद खाली केला. माणूस सभ्य होता. "आप अंदर जाकर देखो तो सही," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "बहुत अच्छा है. फव्वारा भी है."

पुढच्या सव्वा तासात, वेळापत्रकाप्रमाणे, एकोणीस जोड्या आत गेल्या. कोणालाही अडवलं नाही. प्रत्येकाच्या नावापुढे खूण झाली. आत गेलेले लोक फाटकापासून वीस पावलांवर घोळका करून उभे राहिले. पुढे काय करायचं हे वेळापत्रकात नव्हतं. गॉगलवाले कारंज्यापाशी फोटो काढून परत आले. नागनाथ मात्र चिडले होते. "एवढ्या लांब आलाव," ते आतून ओरडले, "अन् साधं अडवलं पण नाही!"

शेवटी महादेवराव गेले. नंबर एक. टेकबहादूरनी त्यांना सलाम केला. महादेवराव आत गेले आणि मान खाली घालून कठड्यावर बसले. त्यांचा कागद गेला होता.

त्यांच्याशी बोलावं म्हणून मी फाटकातून आत जाऊ लागलो. टेकबहादूरनी हात आडवा केला.

"आपका नंबर, सर?"

"मैं लिस्ट में नहीं हूँ."

"फॅमिली?"

"गाँव में."

"सॉरी, सर. आज सिर्फ फॅमिली."

आधी काही सेकंद कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग महादेवराव उठून उभे राहिले. "अडवलं!" ते म्हणाले. "पाव्हण्यांना अडवलं!"

आतल्या अडतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. एकाने शिट्टी मारली. टेकबहादूर घाबरून आपल्या मागे कोण आलं ते बघू लागले.

"दादा, माणूस कामाला आला बघा!" नागनाथ म्हणाले.

"जागचं हलू नगा, पाव्हणं!" महादेवराव ओरडले. "टाइम लिहा! टाइम!"

वेळ पाच वाजून अठरा मिनिटं. मी वही काढली आणि फाटकाच्या बाजूला उभा राहिलो. उभं राहायला मनाई नव्हती. पाच वाजून त्रेचाळीसपर्यंत मी तिथे होतो. त्या पंचवीस मिनिटांत एकटे आलेले नऊ पुरुष फाटकापाशी आले. चार युरोपियन दिसत होते. त्यांना काहीही न विचारता आत सोडलं. पाच आपल्याकडचे, म्हणजे तीन बांगलादेशी आणि दोन भारतीय. पाचांनाही परत पाठवलं. प्रत्येकाची वेळ मी लिहिली. टेकबहादूरनी मध्येच विचारलं, काय लिहिता. मी वही दाखवली. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण आकडे ओळखू आले. त्यांनी स्वतःच्या घड्याळात बघून एक वेळ दुरुस्त केली. ती मी दोन मिनिटं आधीची लिहिली होती.

नागनाथांनी कठड्यावरून हात लांब करून मला आइस्क्रीम दिलं.

शनिवार

इद्रिसभाईंच्या घरी दुपारी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या होत्या. वहिनी नारळ वाटताना म्हणाल्या, दोन्ही साडू एकाच फाटकावर अडले हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. "आम्ही दोघं जातो तेव्हा तो गार्ड मलाच बघतो," त्या म्हणाल्या. "माझा नवरा म्हणजे माझ्या पर्सबरोबर आलेलं सामान."

आता माझ्या वहीचा पुरावा होता, त्यामुळे महादेवरावही माघारीला तयार झाले होते. जेवणानंतर चाळीस जणांची माघारीची पत्रं तयार करायची होती. रविवारी सगळ्यांना रजा मिळणार नव्हती. इद्रिसभाईंनी मजकूर टाइप केला आणि चाळीस प्रती काढायला सांगून महादेवरावांना वस्तीवर पाठवलं. संध्याकाळी महादेवराव परत आले. हातात एकच प्रत होती. तिच्याखाली चाळीस सह्या होत्या.



रविवार

नोंदणीच्या खिडकीवर तोच कारकून होता. त्याने माघारीचं पत्र उलटून पाहिलं, उठला आणि प्रिंटरमध्ये आधीच नवा गठ्ठा भरून आला.

सुनावणीला चाळिसांपैकी एकटे नागनाथ आले होते. त्यांची रात्रपाळी होती. मॅडमनी त्यांना पहिल्यांदा विचारलं.

"तुम्हाला अडवलं?"

"नहीं."

"तिथे गेला होतात?"

"शुक्रवार को गया."

"काय झालं?"

"वेलकम किया."

"मग तुमची तक्रार काय आहे?"

"मेरा तक्रार यह है कि इनको रोका," नागनाथांनी महादेवरावांकडे बोट केलं. "मेरा खुद का कुछ नहीं. फव्वारा अच्छा है."

थॉमससाहेबांनी हे कसं सांगितलं ते कळलं नाही. मॅडमनी तोंडासमोर कागद धरला आणि थोड्या वेळाने खाली केला. माघार आधीच आल्यामुळे अर्ज निकाली निघाला नाही, चाळीस नावं तेवढी काढून टाकण्यात आली. राहिले महादेवराव. त्या सुपरवायझरचा जबाब आहे का, असं मॅडमनी विचारलं. तो महिनाभराच्या रजेवर आपल्या देशी गेला होता. गार्डच्या कंपनीचं पत्र आलं होतं. 'एकट्या सर्वच पुरुषांना अडवण्याचा नियम आहे, त्यात भेदभाव नाही,' असं त्यात म्हटलं होतं. महादेवरावांकडे त्यांच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. फाइल छातीशी धरली होती.

इद्रिसभाईंनी मला कोपराने ढोसलं. मी वही पुढे केली.

मॅडमनी आधी विचारलं, हे तक्रारदाराचे कोण? साडू हे नातं थॉमससाहेबांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या बायकोपाशी अडकले. मग म्हणाले, "को-ब्रदर." मॅडमना काही कळलं नाही. महादेवरावांनी टेबलावर दोन खजूर बहिणी म्हणून आणि दोन कप नवरे म्हणून मांडले.

"अदील!" मॅडम एकदम म्हणाल्या. अरबीत या नात्याला सरळ एक शब्द आहे. त्यांच्या नवऱ्याला तीन साडू आहेत, हेही त्यांनी सांगितलं. कसे आहेत ते सांगितलं नाही.

त्यानंतर वाचन सुरू झालं. पाच अठरा, मी, परत. पाच एकवीस, युरोपियन, एकटा, आत. पाच चोवीस, बांगलादेशी, एकटा, परत. असे दहा. मॅडमनी प्रत्येक वेळ लिहून घेतली आणि फाटकावरच्या कॅमेऱ्याचं त्या पंचवीस मिनिटांचं चित्रण मागवण्याचा आदेश माझ्यासमोर काढला.

"तुमची तक्रार म्हणून नोंदवू?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, माझी तक्रार नाही. जे घडलं ते सांगतो आहे.

कारकुनाने संगणक माझ्याकडे वळवला. चौकट एकच होती, 'तक्रारदार'. तिच्यात नाव घातल्याशिवाय वही जोडता येत नव्हती. महादेवराव माझ्याकडे बघत होते.

मी सही केली. तक्रार क्रमांक बेचाळीस.

"आता कसं!" नागनाथ म्हणाले.

सोमवार

विमान संध्याकाळचं होतं. पोर्टवरच्या लोकांनी महादेवरावांना एक घड्याळ दिलं आणि क्रेनच्या केबिनमध्ये बसवून फोटो काढला. चित्रण आलं आहे, पत्र तयार होत आहे, असा निरोप कचेरीतून दुपारी आला. तीनला फोन केला. सहीला गेलं होतं. साडेचारला केला. सही करणारे साहेब बैठकीत होते. पाच वाजता आम्ही विमानतळावर होतो.

महादेवराव रांगेतून तीनदा बाहेर आले. तिसऱ्यांदा इद्रिसभाईंनी त्यांना धरून परत आत ढकललं. "जा बाबा. पत्र मी घेईन."

पत्र दुसऱ्याला घ्यायचं तर अधिकारपत्र लागतं. महादेवरावांनी ते सामानाच्या गाडीवर कागद ठेवून लिहिलं. इद्रिसभाई शेजारी उभे राहून पाहत होते.

"एकच सही," ते म्हणाले.

"एकच की."

"आणि खाली कुणाला प्रत नाही."

महादेवरावांनी पेन उचललं, थोडं थांबले आणि टोपण लावलं.

विमान वेळेवर सुटलं. कागद मिळाला नव्हता.

नंतर

बुधवारी दुपारी, भारतीय वेळेप्रमाणे दोन वाजून दहा मिनिटांनी, इद्रिसभाईंनी कचेरीतून पत्र घेतलं आणि तिथूनच महादेवरावांना फोन केला. मी तेव्हा त्यांच्या घरी होतो. पत्र अरबी आणि इंग्रजीत होतं. इद्रिसभाईंनी ते मराठीत सांगितलं. अर्जदाराला अडवणं योग्य नव्हतं. एकट्या पुरुषांपैकी काहींना सोडून काहींना अडवलं गेलं, आणि हा फरक ते कुठले दिसतात यावरून केला गेला. व्यवस्थापनाने पाटी काढावी आणि सात दिवसांत तसं कळवावं.

महादेवरावांनी ते दोनदा वाचायला लावलं.

"शिक्का हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"गोल का चौकोनी?"

"गोल."

महादेवरावांनी फोन बायकोकडे दिला आणि परड्यात निघून गेले. मूळ पत्र नवव्या दिवशी कुरिअरने आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी इद्रिसभाई बायकोला घरी ठेवून एकटे फाटकावर गेले. पाटी नव्हती. भिंतीत स्क्रूची चार भोकं होती. टेकबहादूर ड्युटीवर होते. इद्रिसभाई साडेचार ते साडेपाच बाहेर उभे राहून मोजत होते. त्या तासात एकटे आलेले तेवीस पुरुष आत गेले. कोणालाही काही विचारलं नाही. चोविसावे इद्रिसभाई गेले.